जाकीट काढता येते, धोतराचे काय?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. बेंगळूरुच्या इंदिरानगर भागातील एका पबच्या दाराशी शनिवारी संध्याकाळी मी एका मित्राची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात सहा-सात मोटारसायकली येऊन थांबल्या. दिवसभराची सफर आटोपून आलेली ही मंडळी धुळीने माखलेली आणि दमलेली होती, पण खुशीत होती. सगळ्यांच्या अंगात काळी, बिनबाह्यांची जाकिटे होती. पाठीवर त्यांच्या मोटारसायकल क्लबचे नाव आणि बोधचिन्ह शिवलेले होते. दारावरच्या बाऊन्सरने हात आडवा केला. क्लबची जाकिटे घालून आत जाता येणार नाही, असे त्याने सांगितले. नियम कुठे लिहिला आहे, असे विचारल्यावर त्याने भिंतीवरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवले. ‘प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे’ एवढेच त्या पाटीवर होते.

थोडी बाचाबाची झाली. मग व्यवस्थापक बाहेर आला. तो नम्रपणे बोलला: जाकिटे काढून ठेवा आणि आनंदाने आत या. दोघे-तिघे कुरकुरले. पण शेवटी जाकिटांच्या घड्या मोटारसायकलींच्या पिशव्यांत गेल्या आणि सगळे आत आले. नंतर त्यांच्यापैकी एकाशी माझे बोलणे झाले. ते गृहस्थ एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते. ‘या शहरात जाकिटावरून कधी कोणाची डोकी फुटली आहेत का?’ असा त्यांचा प्रश्न होता. हा नियम परदेशी मालिका पाहून आला असावा, असेही ते हसत म्हणाले.

त्या संध्याकाळी माझी सहानुभूती त्यांच्याकडे होती. कपड्यांवरून माणसाला दारात अडवणे हा प्रकार मला मुळातच खटकतो. परंतु पुढे या विषयातले कायदे आणि निकाल वाचत गेलो, तसे माझे मत थोडे बदलले. त्या व्यवस्थापकाने जे केले, ते बहुतांशी समर्थनीय होते. आपल्या देशात कपड्यांवरून दारात जे एरवी घडते, ते मात्र बहुतांशी समर्थनीय नाही. या दोहोंतील फरक आपल्या कायद्याला सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे.

बिल्ल्यामागचा इतिहास

मोटारसायकल क्लबच्या जाकिटाला पबमध्ये मज्जाव करण्याची प्रथा ज्या देशांत रुजली, तिथे तिच्यामागे रक्तरंजित अनुभव आहे. 2 सप्टेंबर 1984 रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या मिलपेरा उपनगरात, एका पबच्या वाहनतळावर कोमांचेरो आणि बँडिडोस या दोन क्लबांत सशस्त्र चकमक झाली. सात जण मारले गेले. त्यांत तिथे केवळ हजर असलेली 14 वर्षांची एक मुलगीही होती. अमेरिकेत नेवाडा राज्यातील लॉफलिन येथे 2002 मध्ये हेल्स एंजल्स आणि मंगोल्स यांच्यात एका कॅसिनोत मारामारी होऊन तिघांचा बळी गेला. टेक्सासमधील वेको शहरात 17 मे 2015 रोजी एका उपाहारगृहाबाहेर झालेल्या गोळीबारात नऊ जण ठार झाले. पाठीवरच्या बिल्ल्याखाली ‘टेक्सास’ हे नाव लावण्याचा मान कोणाचा, हा त्या वैराचा एक मोठा धागा होता.

हे लक्षात घेतले की पबमालकाची भीती काल्पनिक वाटत नाही. या टोळ्यांच्या जगात पाठीवरचा बिल्ला म्हणजे हद्दीवरचा दावा असतो आणि प्रतिस्पर्ध्याला दिलेले आव्हानही असते. तो घालून दोन गट एकाच छताखाली आले, तर त्याची किंमत शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या कुटुंबालाही मोजावी लागू शकते.

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी या प्रश्नावर दिलेले दोन निकाल आपण शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. पहिला 1970 चा. सॅन राफेल येथील एका खरेदी संकुलात लांब केसांच्या, चारचौघांपेक्षा वेगळे कपडे घातलेल्या एका तरुणाशी बोलत थांबलेल्या ग्राहकाला सुरक्षारक्षकाने बाहेर जायला सांगितले. तो गेला नाही, म्हणून त्याला अटक झाली. राज्याच्या 1959 च्या नागरी हक्क कायद्यात वंश, वर्ण, धर्म अशी मोजकीच कारणे नोंदलेली होती. कपड्यांचा किंवा केसांचा उल्लेख नव्हता. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ती यादी उदाहरणादाखल आहे, परिपूर्ण नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या व्यवसायाला कोणत्याही मनमानी कारणाने माणसाला हाकलता येणार नाही.

दुसरा निकाल 2001 चा. क्लबची जाकिटे काढण्यास नकार देणाऱ्यांना एका बारने प्रवेश नाकारला. ‘हेसियन्स’ या मोटारसायकल क्लबने त्याच कायद्याचा आधार घेऊन दाद मागितली. या वेळी न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला. बारचा आक्षेप मोटारसायकलवाल्यांना नव्हता, त्यांच्या अंगावरच्या टोळीच्या चिन्हाला होता. चिन्ह उतरवले की दार उघडे होते. शिवाय नियमामागे मारामारी टाळण्याचा हेतू होता आणि तो मनमानी म्हणता येत नव्हता.

वरकरणी हे निकाल परस्परविरोधी वाटतात, पण दोहोंत एकच कसोटी आहे. दारावरचा नियम माणसाच्या असण्यावर आहे की एखाद्या प्रत्यक्ष धोक्यावर? आणि नियम पाळून आत जाण्याची वाट त्या माणसाला मोकळी आहे का?

त्याच शहरातले दुसरे दार

आता पुन्हा बेंगळूरुकडे येऊ. जुलै 2024 मध्ये मागडी रस्त्यावरील एका मॉलच्या दारात हावेरी जिल्ह्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याला अडवण्यात आले. तो मुलासोबत चित्रपट पाहायला आला होता. हातात तिकीट होते. अंगात सदरा, कमरेला धोतर आणि डोक्याला पागोटे. पँट घालून या, असे त्याला सांगण्यात आले. मुलाने काढलेली चित्रफीत दुसऱ्या दिवशी देशभर पाहिली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच शहरातील मेट्रोच्या एका स्थानकात कपडे मळके आहेत म्हणून एका शेतकऱ्याला रोखले गेले होते. त्याच्याकडेही तिकीट होते.

अशा प्रसंगांची यादी सगळ्या महानगरांत सापडते. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील एका जुन्या उपाहारगृहाने 2016 मध्ये एका महिलेसोबत जेवायला आलेल्या तिच्या वाहनचालकाला कपड्यांचे कारण सांगून प्रवेश नाकारला. दिल्लीतील एका नामांकित गोल्फ क्लबमध्ये जून 2017 मध्ये मेघालयच्या एका महिलेला जेवणाच्या टेबलावरून उठवण्यात आले. तिने खासी समाजाचा पारंपरिक ‘जैनसेम’ हा पोशाख घातला होता आणि ती मोलकरणीसारखी दिसते, असे तिला ऐकवण्यात आले. दिल्लीतच सप्टेंबर 2021 मध्ये साडी नेसलेल्या महिलेला एका उपाहारगृहाने आत घेण्यावरून वाद झाला. मुंबईकर वाचकांना तर अनवाणी आले म्हणून क्लबच्या दारातून परत पाठवलेले चित्रकार हुसेन आठवतीलच.

यांपैकी एकाही प्रसंगात सुरक्षेचा प्रश्न नव्हता. धोतराने कोणाशी वैर पुकारलेले नसते. शेतकऱ्याला मोटारसायकलवाल्यांप्रमाणे ‘ते काढून ठेवा आणि आत या’ असेही म्हणता येत नाही. रोखले गेले ते कपड्यामागून दिसणारे गाव, गरिबी, काम किंवा जमात. कपडा हे फक्त सोयीचे निमित्त होते.

या देशाला ही रीत नवी नाही. त्रावणकोर संस्थानात नाडर समाजाच्या स्त्रियांना उरोभाग झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ झगडा द्यावा लागला; 1859 मध्ये तसा जाहीरनामा निघाला. महाडच्या परिषदेच्या वेळी डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना खास आवाहन केले होते: लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते, ती ओळख टाकून द्या. कपडा हा जातीचा दाखला म्हणून कसा वापरला जातो आणि त्या दाखल्यावर कोणती दारे बंद होतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

अनुच्छेद 15(2) आणि त्यातली फट

म्हणूनच संविधानातील अनुच्छेद 15(2) महत्त्वाचा आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा येथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ‘केवळ’ या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला मज्जाव करता येत नाही. मूलभूत हक्कांतील अनेक तरतुदी सरकारला बांधतात. ही तरतूद खासगी दुकानदारालाही बांधते. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. तेव्हा ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असे डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा व्यापक अर्थ उचलून धरला.

मात्र कलमातील ‘दुकान’ जितके व्यापक, तितकीच कारणांची यादी आखूड आहे. तीत पाचच कारणे आहेत आणि ‘केवळ’ हा शब्दही आहे. जात पाहून कोणाला हाकलले, तर ते संविधानाचे उल्लंघन ठरते. कपडे पाहून हाकलले, तर मालक म्हणतो, मी जात विचारलीच नाही. पाटीवरच्या त्या एका ओळीमागे तो निर्धास्त असतो.

विशिष्ट कारणांसाठी संसदेने नंतर स्वतंत्र कायदे केले. अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवले. एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आला. मात्र कोणत्याही मनमानी कारणाने केलेला भेदभाव अडवणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. शशी थरूर यांनी ‘भेदभावविरोध आणि समता विधेयक, 2016’ खासगी विधेयक म्हणून लोकसभेत मांडले होते. ते पुढे सरकले नाही.

कायदा नसला की सरकार काय करते, तेही पाहण्यासारखे आहे. बेंगळूरुच्या प्रकरणात मंत्र्यांनी विधानसभेत मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा केली आणि महापालिकेने मालमत्ता कराची थकबाकी दाखवून दाराला टाळे लावले. दिल्लीच्या साडी प्रकरणात त्या उपाहारगृहाकडे वैध परवानाच नव्हता, असे महापालिकेच्या लक्षात आले आणि ते बंद झाले. लोकक्षोभ शमला. पण कर थकलेला होता किंवा परवाना नव्हता, तर कारवाईसाठी अपमानाची चित्रफीत येण्याची वाट का पाहिली गेली? आणि उद्या कर वेळेवर भरणाऱ्या मॉलने धोतरवाल्याला अडवले तर? अपमानाबद्दल कोणालाच जबाबदार धरले जात नाही आणि कोणाला शिक्षा होणार हे चित्रफीत किती जणांनी पाहिली त्यावर ठरते. कायद्याचे राज्य याला म्हणता येणार नाही.

तमिळनाडूचा मार्ग आणि क्वीन्सलँडचा

एका राज्याने मात्र थेट कायदा केला. जुलै 2014 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंतामन एका पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईतील एका क्रिकेट क्लबमध्ये गेले. त्यांनी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसले होते. क्लबच्या नियमात ते बसत नव्हते. त्यांना दारातूनच परतावे लागले. पुढच्याच महिन्यात, जयललिता मुख्यमंत्री असताना, विधानसभेने कायदा मंजूर केला. वेष्टी किंवा अन्य कोणताही भारतीय पारंपरिक पोशाख सभ्य रीतीने घातलेल्या व्यक्तीला केवळ त्या कारणाने सार्वजनिक जागी अडवता येणार नाही. खासगी क्लबही त्यात आले. भंग झाल्यास परवाना रद्द, एक वर्षापर्यंत कैद आणि 25 हजार रुपयांपर्यंत दंड.

या कायद्याचा हेतू स्तुत्य आहे, पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, संरक्षण परंपरेला मिळाले, माणसाला नाही. मळका सदरा घातलेला गवंडी किंवा घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीच्या गणवेशातला मुलगा ‘पारंपरिक पोशाखात’ नसतो. त्याला हा कायदा वाचवत नाही. दुसरी, न्यायमूर्तींना अडवले म्हणून महिन्याभरात कायदा झाला. शेतकऱ्याला अडवले, तर थकबाकी शोधावी लागते.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्य आहे. सप्टेंबर 2013 मध्ये गोल्ड कोस्टवर टोळ्यांची भर रस्त्यात मारामारी झाली. तीन आठवड्यांच्या आत तिथल्या सरकारने कायदे करून 26 मोटारसायकल क्लब गुन्हेगारी संघटना म्हणून जाहीर केले. परवानाधारक मद्यगृहात त्यांचे चिन्ह अंगावर घालणे गुन्हा झाला आणि अशा माणसाला आत घेणारा मालकही दोषी ठरू लागला. एवढ्यावर न थांबता, या संघटनांच्या तीन किंवा अधिक जणांनी सार्वजनिक ठिकाणी एकत्र दिसण्यालाही किमान सहा महिन्यांची कैद ठेवली. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात या कायद्यांना दिलेले आव्हान फारसे टिकले नाही. 2016 मध्ये नव्या सरकारने त्यांच्या जागी दुसरा कायदा आणला, पण चिन्हांवरील बंदी उलट सर्वच सार्वजनिक जागांना लागू केली. एका पबच्या दारातला नियम तीन वर्षांत अख्ख्या राज्याच्या रस्त्यांवर आला.

आपल्याला ही वाट नको. भारतातील मोटारसायकल क्लब हे प्रामुख्याने एकत्र प्रवास करणाऱ्यांचे गट आहेत. 1955 पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या बुलेटभोवती त्यांतले कित्येक उभे राहिले. गोव्यात वागातोरला दुचाकीस्वारांचे मोठे मेळावे भरतात, त्यांत हीच जाकिटे हजारोंनी दिसतात. त्यांच्यावर सरकारी याद्या करण्याचे काहीही कारण नाही. आणि सरकारने एकदा कपड्यांवरील चिन्हांच्या याद्या करायला घेतल्या, तर पुढची पाळी निळ्या, भगव्या किंवा हिरव्या उपरण्याची येणार नाही, याची हमी कोण देणार?

पाटीवर काय असावे

मग मालकाचे हक्क? ते आहेतच. भर पावसात चिखलाचे बूट घालून येणाऱ्याला, पोहण्याच्या तलावात साध्या कपड्यांत उतरू पाहणाऱ्याला किंवा दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला रोखण्याची मुभा त्याला हवी. टोळीच्या चिन्हामुळे मारामारी होईल अशी वाजवी भीती असेल, तर ते उतरवायला सांगण्याचीही हवी. परंतु ‘माझी जागा, माझी मर्जी’ हा दावा पबमालकाला तरी फार ताणता येणार नाही. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये कर्नाटकातूनच आलेल्या ‘खोडे डिस्टिलरीज’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. मद्य हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे. परवान्याला अटी घालण्यासाठी राज्य सरकारला दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. उपाहारगृहांच्या दाराचा विचार सरकारने याआधी केलेलाही आहे. सेवाशुल्क देण्यास नकार दिला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरवली. बिलावरच्या जादा रकमेसाठी जे करता आले, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी का करता येऊ नये?

माझ्या मते परवान्यात चार अटी पुरेशा आहेत. एक, पोशाखाचा नियम असेल तर तो राज्याच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत दारावर लिहिलेला असावा. ‘हक्क राखून ठेवला आहे’ हा नियम नव्हे. दोन, त्या नियमाचा सुरक्षेशी, स्वच्छतेशी किंवा त्या जागेच्या कामाशी सरळ संबंध असावा. तीन, शक्य असेल तिथे नियम पाळून आत येण्याची संधी आधी द्यावी. चार, मागितल्यास नकाराचे कारण लेखी द्यावे.

दाद मागण्याचा मार्गही साधा हवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. तिकीट काढलेला शेतकरी त्यात बसू शकेल, पण पबच्या दारातूनच परत गेलेल्याने काही विकतच घेतलेले नसते. प्रवेश नाकारलेल्या व्यक्तीलाही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता यावे, एवढी दुरुस्ती संसदेने करावी. तुरुंगाची तरतूद नको. तिने दारावरचा पगारी रखवालदार तेवढा अडकतो आणि निरीक्षकांना हप्त्याचे नवे साधन मिळते. वाजवी भरपाई आणि वारंवार चूक झाल्यास परवान्यावर नोंद, हे पुरे आहे.

भरपाईची रक्कम मोठी असण्याचीही गरज नाही. वेस्ट इंडिजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना 1943 मध्ये लंडनच्या एका हॉटेलने त्यांच्या वर्णामुळे राहू दिले नाही. ते न्यायालयात गेले आणि 1944 मध्ये जिंकले. त्यांना फक्त पाच गिनी मिळाल्या. पण हॉटेलवाल्याने योग्य कारणाशिवाय त्यांना नाकारले, हे न्यायालयाच्या दप्तरात कायमचे नोंदले गेले. हावेरीच्या त्या शेतकऱ्याला सत्कार, हार आणि दिलगिरी मिळाली. असा निकाल मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.